वजा १.४

१

रविवारी सकाळी नऊला मी माझ्या घरात कपडे धुते. या शहरात हे वाक्य जरा मान ताठ करूनच म्हणावं लागतं. बहुतेक इमारतींना तळघरात एक सामायिक खोली असते, तिथे सहा-सात मशीनं, आणि आपला नंबर लागेपर्यंत परक्या माणसांच्या चादरी गोल फिरताना बघत बसायचं. मी दोन वर्षं ते केलं. मग हे घर मिळालं.

घर म्हणजे एक खोली. एका भिंतीला ओटा, ओट्याखाली मशीन, समोर पलंग. मशीनचं दार उघडं असलं की फ्रिजचं उघडत नाही. घर दाखवायला आलेला एजंट दारातच उभा राहिला, कारण तोही आत आला असता तर बघायला काही उरलं नसतं. भाडं ऐकून मी त्याच्याकडे प्यायला पाणी मागितलं. पण मशीन बघितलं आणि होकार देऊन टाकला.

मशीन मला लेकीसाठी हवं होतं. ती नऊ वर्षांची होत आली आहे आणि तिची कातडी म्हणजे काय सांगावं. दुसऱ्या कुणाचे कपडे धुतलेल्या मशीनमध्ये तिचा फ्रॉक टाकला, तरी दुसऱ्या दिवशी अंगावर लाल चट्टे. परकं काही तिच्या अंगाला चालतच नाही. आम्ही नवरा-बायको वेगळे झालो तेव्हा ती बाबा आणि आजीकडे राहिली, दुसऱ्या गावी, कारण तिथे घर मोठं होतं आणि मशीन स्वतःचं होतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. तिच्या बाबाने तेव्हा एकच अट घातली होती. तुझ्या घरी तुझं मशीन येऊ दे, आठ दिवस तिला ठेवून बघू, अंगावर काही उठलं नाही तर पुढच्या वर्षीची शाळा तुझ्याकडे.

त्या आठ दिवसांसाठी मी हे घर घेतलं होतं.

२

मी वजनकाटे तपासते. दुकानांतले, टपाल कार्यालयांतले, प्रसूतिगृहांतले बाळांचे काटे. बरोबर मखमलीच्या खाचांची पेटी असते, त्यात प्रमाणित वजनं. ती हातमोजे घालूनच उचलायची, कारण बोटाच्या घामालाही वजन असतं. ऑफिसात मला तराजू म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे प्रेमाने म्हणत असावेत.

तर हे मशीन कपडे धुण्याआधी ते तोलतं. दाराची काच काळी आहे, आतलं काही दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. बटण दाबलं की ड्रम कोरडाच तीन-चारदा सावकाश फिरतो, थांबतो, आणि छोट्या पडद्यावर किलोत आकडा येतो. त्यावरून आपण पावडर टाकायची.

पहिल्या रविवारी आकडा आला ४.०. मला हसू आलं. माझे आठवड्याचे कपडे मला माहीत आहेत. पुढच्या रविवारी मी ते आधी पिशवीत घालून हाताच्या काट्याला लटकवले. २.६. मशीन म्हणालं, ४.०.

मी माझ्या पद्धतीने तपासायला बसले. मशीन सरळ आहे का बघितलं, सरळ होतं. चारही पाय घट्ट होते. नळीत पाणी साचलेलं नव्हतं. ड्रममध्ये हात घालून चहूकडून चाचपलं, कोरडा होता, फक्त तळाला जरासा कोमट. मग दार लावून रिकामाच फिरवला.

१.४.

ऑफिसातून दोन किलोचं वजन टॉवेलात गुंडाळून आणलं, टॉवेलसकट नीट तोलून आत ठेवलं. त्यावरही बरोबर १.४ जास्त. पंधरा वर्षांत मी हजारो काटे बघितले असतील. बिघडलेला काटा लहरी असतो, आज एवढं, उद्या तेवढं. इतका शिस्तीचा बिघाड मी बघितला नव्हता.

३

एजंटने मेकॅनिक पाठवला. वयस्कर माणूस होता, कमी बोलणारा, गुडघे धरून खाली बसणारा. त्याने मशीन रिकामं फिरवलं. ०.०. पुन्हा फिरवलं. ०.०. माझ्याकडे बघितलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

मी म्हणाले, आत्ता सकाळीच १.४ दाखवत होतं. तो म्हणाला, असतं मॅडम कधी कधी, माणूस आला की यंत्रं सरळ वागतात. आणि आपली पिशवी आवरायला लागला.

मी दुसरीकडे बघितलं. पलंगाशेजारी खुर्ची आहे. तिच्यावर मी सकाळीच घडी घातलेले टॉवेल रचून ठेवले होते, एकावर एक पाच. मधोमध ते दबलेले होते. बशीएवढा गोल खळगा. टॉवेल पोकळ रचले की आपोआप बसतात, हे मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण ते कडेने बसतात. मधोमध बसायला वर काहीतरी लागतं, आणि किती लागतं ते मला नको असताना लगेच कळलं. धंद्याची सवय.

मेकॅनिक गेला, दार लागलं. मी टॉवेल कपाटात टाकले. हात धुतले. मग मशीनचं बटण दाबलं.

१.४.

४

आमच्या धंद्यात एक रीत आहे. काटा चुकतो, पण कायम तेवढाच चुकतो, आणि दुरुस्त करणं परवडत नाही, तर त्यावर पट्टी लावायची. किती वजा करायचं ते लिहायचं, खाली सही करायची आणि विषय संपवायचा. ठरलेली चूक ही चूक राहत नाही. नव्या मुलींना मी हे शिकवते तेव्हा त्यांना फार आवडतं.

मी मशीनवर पट्टी लावली. ‘वजा १.४’. खाली सही केली. आणि खरंच विषय संपला. पुढचे चार महिने मी आकडा बघायची, मनात वजाबाकी करायची आणि पावडर टाकायची.

कपडे बाहेर काढताना मात्र एक गोष्ट दिसायची. धुतलेले कपडे पिळून एकमेकांत अडकलेले निघतात, कुणाच्याही घरी. माझे निघत ते कडेने, गोल, नीट, आणि मध्ये पोकळी. घरट्यासारखी. सुकवण्याचं काम त्याच मशीनचं, त्यामुळे सगळं गरम असायचं, पण पोकळीच्या आतली बाजू जास्त गरम. मी तिथे हात ठेवायची. आधी तपासायला म्हणून ठेवायची. नंतर तपासायला ठेवत नव्हते.

हे सांगायला लाज वाटते, पण सांगून टाकते. या शहरात माझ्याशी दिवसभरात बोलतात ते दुकानदार, आणि तेही त्यांचा काटा चुकत नाही हे सांगायला. सुट्टीचे दोन दिवस तर घशातून आवाज निघत नाही. सोमवारी पहिलं वाक्य बोलताना खाकरावं लागतं. अशा माणसाने मशीनला ‘चला, झालं का तुमचं’ म्हणायला सुरुवात केली, तर त्यात नवल नाही. मी म्हणायला लागले. मग आल्याबरोबर ‘आले गं’ म्हणायला लागले. घरात कुणीतरी आहे, एवढं वाटलं की मला जेवण जायचं. काय आहे हे मी विचारलं नाही. पट्टी लावली होती ना.

५

सुट्टी लागली आणि लेक आली. तिचा बाबा तिला सोडायला आला होता. त्याने जागच्या जागी एक गिरकी घेतली, तेवढ्यात घर बघून झालं. मग मशीन बघितलं आणि मान हलवली. हे चांगलं केलंस, म्हणाला. आठव्या दिवशी न्यायला येतो, अंग स्वच्छ असेल तर शाळेचा दाखला काढायला घेतो. आम्ही इतकं सरळ बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

लेकीने घराची पाहणी केली आणि निकाल दिला की इथे लपाछपी खेळायची तर लपणाऱ्याला बाहेरगावी जावं लागेल. मग ती पट्टीशी आली. आमच्या घरची मुलगी, तिला आकडा दिसला की राहवत नाही. मी समजावून सांगितलं, हे मशीन नेहमी १.४ जास्त दाखवतं, तो आकडा दिसला की आपण समजायचं काही नाही.

“म्हणजे दिसलं तरी नाही असं समजायचं?”

“हो.”

“सोपं आहे,” ती म्हणाली.

चार दिवस सुखाचे गेले. मी रजा घेतली होती. आम्ही बागेत गेलो, नूडल्स केले, एका पलंगावर एकमेकींना पाय मारत झोपलो. रोज आंघोळीनंतर मी तिची पाठ, मान, कोपरांच्या वळ्या तपासत होते. कातडी लोण्यासारखी स्वच्छ. मी मनातल्या मनात खोलीत तिचं टेबल कुठे लावायचं ते ठरवून टाकलं. फ्रिज थोडा सरकला असता तर बसलं असतं.

पाचव्या दिवशी रविवार. तिचे आणि माझे कपडे एकत्र लावले. ती मशीनला पाठ टेकून फरशीवर बसली, चित्रं काढत. छान ऊब लागते म्हणाली. दोन तास तशीच बसली होती. मी बटाटे सोलत होते आणि मला वाटत होतं की याहून जास्त मला काही नको.

६

सोमवारी तिचा वाढदिवस. आंघोळ करून आली तर खांद्यांवर चट्टे.

दोन होते. मागून पुढे आलेले, गळ्याच्या हाडापर्यंत, दोन्ही बाजूंना सारखे. बारीक, माझ्या दोन बोटांएवढे रुंद. पुढच्या टोकाला ते जरा जास्त लाल होते. लहान मूल पाठुंगळीला बसल्यावर जिथे धरतं, तिथे.

मी नेहमीप्रमाणे कारणं काढली. पावडर तिची, घरून आणलेली. दोनदा खळबळलं होतं. फ्रॉकची शिवण असेल, घाम असेल. तिला खाज सुटली होती आणि ती खाजवत नव्हती, माझ्याकडे बघत होती. “आई, हे बाबाला नाही सांगितलं तर?” तिने विचारलं.

मी विषय बदलला. आमच्याकडे वाढदिवसाला वजन करायची पद्धत आहे, ती जन्मल्यापासूनची. त्यासाठी मी ऑफिसातून उभं राहायचा काटा आणला होता, रजेवर जाण्याआधी तपासून शिक्का मारलेला. येण्याआधी डॉक्टरकडे तिचं वजन झालं होतं, २६.४. तेवढंच यायला हवं होतं, फार तर शंभर-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे.

ती ऐटीत उभी राहिली. २७.८.

“खिसे रिकामे कर,” मी म्हणाले. फ्रॉकला खिसे नव्हते. तिला वाटलं मी थट्टा करते आहे, आणि ती हसली. मी तिला उतर म्हणाले. ती उडी मारून उतरली आणि केककडे गेली.

काट्यावर कुणी नव्हतं. दोन्ही पावलं फरशीवर होती, मला दिसत होती. आकडा उतरत आला आणि थांबला. १.४. स्थिर, एक अंशही न हलता, एखादं वजन नीट मधोमध ठेवल्यावर दाखवतो तसा. काट्याच्या काळ्या रबरावर धुकं धरल्यासारखा ओला डाग होता, तळहाताहून लहान. मी बघत असताना त्याच्या शेजारी फरशीवर तसाच दुसरा उमटला. काट्याने शून्य दाखवलं. फरशीवर तिसरा उमटला, चौथा, ओट्याच्या दिशेने, आणि पहिले वाळत गेले.

मशीनचं दार मी सकाळी लावलं होतं की नाही, मला आठवत नाही. ते लागल्याचा आवाज मात्र मी ऐकला.

“आई, मेणबत्त्या,” लेक म्हणाली.

मी मेणबत्त्या लावल्या. नंतर प्रमाणित वजनांनी काटा तपासला. काटा बरोबर होता. मला तो चुकायला हवा होता.

७

हॉटेलात राहायला गेलो असतो, असं वाटेल कुणालाही. पण जे एका खोलीत खांद्यावर बसतं, ते लेकीला दारातून बाहेर नेताना खांद्यावर नसेल कशावरून? मशीनच्या आत असताना निदान ते कुठे आहे हे आकड्यावरून कळत होतं. उरलेले दोन दिवस मी लेकीला मशीनजवळ जाऊ दिलं नाही, तिला पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपवलं आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ मशीन रिकामं फिरवून आकडा बघितला. १.४ दिसलं की मी श्वास घेत होते.

आणि ठरवलं. हे घर सोडलं तर दुसरं, स्वतःच्या मशीनचं, वर्षभर तरी मिळणार नव्हतं. या घरात तिला आणणं शक्य नव्हतं. बाबाला कारण काय सांगणार? मशीनमध्ये कुणीतरी राहतं? हे ऐकल्यावर त्याने मला आठ दिवस काय, आठ मिनिटंसुद्धा तिच्यासोबत ठेवलं नसतं. मग फोनवर मी स्वतःच त्याला चट्ट्यांचं सांगितलं. म्हणाले, तिला इथलं मानवत नाही, राहू दे तुमच्याकडेच. तो म्हणाला, मला वाटलं होतं तू भांडशील.

लेकीने ते ऐकलं. ती रडली नाही. फक्त तिने विचारलं की थोडे कपडे इथे ठेवू का, म्हणजे पुढच्या वेळी बॅग जड होणार नाही. मी नाही म्हणाले. सगळं घेऊन जा, म्हणाले, एक रुमालसुद्धा ठेवू नकोस. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

शेवटच्या सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी मशीनपुढे बसले. काळ्या काचेत माझं तोंड दिसत होतं. मी हळू आवाजात बोलले.

“ती जाते आहे. तू राहा. मी आहे ना तुला. आपण दोघं राहू.”

आतून काही आवाज आला नाही. मी तळहात काचेवर ठेवला. काच कोमट होती, आणि मला, खरं सांगते, थोडं बरं वाटलं.

बाबा खाली आल्याचा फोन आला. इमारतीचं दार आतून उघडावं लागतं, म्हणून मी खाली गेले आणि त्याला घेऊन वर आले. निघायची वेळ झाली. लेक बॅग पाठीला लावून उंबऱ्यात उभी होती, बूट घालून. मी ठरवल्याप्रमाणे मशीनचा सगळ्यात लांब कार्यक्रम लावला, तीन तासांचा. चालू असेपर्यंत या मशीनचं दार कुलूपबंद असतं. ड्रम फिरला, थांबला, १.४ दिसलं. ते होतं तिथे होतं. कुलूप लागल्याचा टक्‌ आवाज आला.

“निघताना धुणं?” तिच्या बाबाने विचारलं.

मी म्हणाले, हो, राहून गेलं होतं.

बस थांब्यावर तिने मला मिठी मारली नाही. बस हलली तेव्हा ती खिडकीत होती, आणि तिची नजर माझ्यावर नव्हती. मी हात हलवत राहिले.

८

परत यायला दुपार झाली. सवयीने ‘आले गं’ म्हणाले. कार्यक्रम संपला होता. मी बराच वेळ पलंगावर बसून राहिले आणि मग दार उघडलं, फक्त त्या उबेत हात ठेवायला.

आत कपडे होते.

लेकीचा टॉवेल, रात्रीचे दोन पायजमे, निळा स्वेटर, बागेत घातलेला फ्रॉक. पिळून एकमेकांत घट्ट अडकलेले, कुणाच्याही घरी निघतात तसे. मध्ये पोकळी नव्हती. सगळ्यात आत एक मोजा, एकच.

मी खाली गेले तेवढ्यात तिने हे केलं असणार. पुन्हा यायला काहीतरी कारण हवं म्हणून. आणि मला कळू नये म्हणून. उभं राहायचा काटा तिथेच भिंतीला होता. मी कपडे त्याच्यावर ठेवले. कोरडे, गरम. १.४. मोजा काढला, आकडा कमी झाला. ठेवला, पुन्हा १.४. माझ्याच लेकीने काट्यावर एकेक कपडा ठेवत, शेवटी एक मोजा टाकून, नेमकं तेवढं जुळवलं होतं, कारण आईने सांगितलं होतं की तो आकडा दिसला की समजायचं काही नाही.

मला तिचा इतका अभिमान वाटला की वजाबाकी करायला वेळ लागला.

तिचे कपडे १.४. आणि ते जर आत असतं, तर पडद्यावर २.८ यायला हवं होतं.

मी फोन लावला. तिच्या बाबाने उचलला. बस घाटात आहे म्हणाला, आवाज तुटत होता. मी विचारलं ती कशी आहे.

“ठीक आहे. पेंगते आहे. बसल्यापासून मात्र खांदे दुखतायत म्हणते.”

“काय म्हणते नीट सांग.”

“काही नाही गं, बॅग उतरव म्हणते. सारखं तेच, बाबा, बॅग उतरव.”

“मग उतरव ना.”

मागे बसचं इंजिन ऐकू येत होतं.

“बॅग डिकीत आहे,” तो म्हणाला. “चढतानाच ठेवली.”

मग आवाज गेला. मी हॅलो म्हणत राहिले. दुसऱ्या हाताने मशीनचं दार लावलं आणि बटण दाबलं. ड्रम कोरडाच फिरला, तीनदा, चारदा, आणि थांबला. पडद्यावर ०.० आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच घरात मी एकटी होते.